इंगवल्यांची हिरवळ

"सर, जरा भिंतीपाशी येता का? एक चीज दाखवायची हाय."

रविवारची सकाळ होती. गौरी-गणपती जाऊन चार दिवस झाले होते, पाऊस उघडला होता आणि मी माझ्या लॉनवर पसरायला शेणखत चाळत बसलो होतो. आमच्या आणि शेजारच्या बंगल्यामध्ये छातीइतकी भिंत. तिच्या पलीकडे हिंदुराव इंगवले उभे होते, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. एस.टी.त चौतीस वर्षं ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी एक काडेपेटी भिंतीवर ठेवली आणि अंगठ्यानं हळूच सरकवली.

आत ओल्या मातीवर करंगळीएवढी पांढरी अळी मुटकुळं करून पडली होती. डोकं तांबूस, मागचं टोक काळपट.

"खुरपताना घावली. कडुलिंबाच्या बाजूला एका जागी सात-आठ निघाली. आमची मंडळी म्हणती, कोंबड्यांना टाका. मी म्हटलं, शेजारी किड्यांचा डॉक्टर असताना कोंबड्यांना कशाला इचारायचं?"

ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मीही हसलो असेन.

मी कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवत होतो. हुमणी हा माझ्या प्रबंधाचा विषय. तिच्या मागच्या टोकावरचे केस भिंगाखाली मोजण्यात माझी चार वर्षं गेली होती. काडेपेटी पुरती उघडायच्या आतच मला कळलं होतं. "इंगवले, ही हुमणी आहे. मुळं खाते. आज संध्याकाळीच औषध ओता, नाहीतर दसऱ्यापर्यंत गवत नुसतं उचललं तरी हातात येईल," एवढं बोललो असतो तर काम संपलं असतं. या वाक्यासाठीच मला पगार मिळत होता.

मी म्हणालो, "ठेवून जा. नीट बघतो. उद्या सांगतो."

"चालतंय की," म्हणून ते परत खुरपं घेऊन बसले.

आमची कॉलनी कोल्हापूरच्या कडेला. सगळे नोकरदार, सगळ्यांचे बंगले बँकेच्या कर्जातले. तिथं लॉन लावणारा पहिला माणूस मी. पुण्याच्या नर्सरीतून मेक्सिकन गवताच्या लाद्या आणल्या, कापायचं यंत्र आणलं, रोलर आणला. पावसाळा संपला की कडा कापायच्या, लोखंडी काट्यानं भोकं पाडून जमिनीला वारा द्यायचा, वर चाळलेलं खत आणि लाल माती पसरायची. हे सगळं मी पुस्तकाबरहुकूम करायचो. लोक मुलांना घेऊन बघायला यायचे. कॉलनीचं कोजागिरीचं दूध दरवर्षी आमच्याच लॉनवर आटायचं.

इंगवले शेजारी राहायला आले ते दोन वर्षांपूर्वी. त्यांनी नर्सरीतून काही आणलं नाही. नदीकाठचा पोयटा एक ट्रॉली टाकला आणि गावाकडच्या बांधावरची साधी हरळी पोत्यात भरून आणली. नवरा-बायकोनं ती काडी-काडी करून लावली. मला तेव्हा मजा वाटली होती. शेतकरी जन्मभर जी हरळी उपटून फेकतो ती हा माणूस हौसेनं लावतोय! दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात मी एकदा गच्चीवर गेलो आणि खाली पाहिलं, तेव्हा मजा संपली. त्यांच्या अंगणात एकसंध हिरवं पसरलं होतं, कुठं खाच नाही, कुठं डाग नाही. माझ्या लॉनमधून लव्हाळ्याचे तुरे डोकं वर काढत होते. त्यांच्याकडे एक नाही, कारण ते रोज सकाळी उकिडवे बसून एक-एक उपटायचे, गाठीसकट.

तरी एवढ्यावर काही झालं नसतं. मूळ दुखणं वेगळं होतं.

आई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. शिरोळकडची सहा एकर जमीन कसून मला शिकवलेला माणूस. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची. पहिल्या दिवशी मी हाताला धरून त्यांना घराभोवती फिरवलं. लॉनशी आल्यावर त्यांनी काठीचं टोक गवतात खुपसलं.

"ह्ये काय लावलंयस?"

"लॉन आहे आप्पा."

"कुणाला घालायचं?"

"कुणाला नाही. बघायला असतं."

"बघायला," ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले. त्यानंतर लॉनचा विषय त्यांनी कधी काढला नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीत दिवसभर बसून असायचे. मी कॉलेजातून आलो की विचारायचे, "आलास?" मी "आलो" म्हणायचो. आमचं बोलणं तिथंच संपायचं.

आषाढात एके दिवशी पलीकडून ताज्या कापलेल्या गवताचा वास आला. आप्पा उठले, भिंतीला हात लावत फाटकाबाहेर गेले आणि इंगवल्यांच्या दारात उभे राहिले. त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. तिथं पोचले की पायातलं काढून ठेवायचे आणि अनवाणी फिरायचे, लहान मूल पाण्यात फिरतं तसे. मग दोघं गवतावर बैठक मारायचे, अक्काताई, म्हणजे इंगवल्यांच्या पत्नी, चहा आणून द्यायच्या आणि आप्पा बोलायचे. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते मला दिसायचे. शब्द ऐकू यायचे नाहीत. आप्पांचा हात हवेत फिरताना दिसायचा आणि मधूनच हसणं ऐकू यायचं. ते हसणं मी आई असतानाही क्वचितच ऐकलं होतं.

"मामा तिकडं जाऊन आले की दोन घास जास्त जेवतात," माझी बायको शैला म्हणाली. "बरंच आहे की."

"मी कुठं अडवलंय?"

"अडवलं नाही. पण तुमचं तोंड बघा आरशात."

एकदा मी जेवताना आप्पांना विचारलं, "काय बोलता एवढं रोज?"

"असंच. शेतीवाडीचं."

मी शेतीचाच डॉक्टर होतो. माझ्याशी ते शेतीचं कधी बोलले नव्हते.

एका शनिवारी मी माझं लॉन मुद्दाम तयार केलं. सकाळी कापलं, रोलर फिरवला, पाणी मारलं. संध्याकाळी वेताची खुर्ची मधोमध टाकली आणि म्हणालो, "आप्पा, आज आपल्याच लॉनवर बसू या."

आले. बसले. चप्पल पायातच होती. मी कॉलेजचं काहीबाही सांगत राहिलो, ते "हं, हं" करत राहिले. इतक्यात भिंतीपलीकडे पाण्याची नळी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी मान तिकडं वळवली.

"हिंदुरावनं पाणी सोडलं वाटतं," म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

मी काठी त्यांच्या हातात दिली. ते गेल्यावर खुर्ची उचलून आत आणली, ती इतक्या जोरात ठेवली की एक पाय मोडला.

काडेपेटी आली त्याच्या आदल्या रात्री कॉलनीची सभा झाली होती. सेक्रेटरी घोरपडे म्हणाले की यंदा कोजागिरी इंगवल्यांच्या अंगणात करू, जागा ऐसपैस आहे, गवतही छान आहे. सगळ्यांनी हात वर केले. इंगवले गडबडून उभे राहिले. "नको ओ, सरांच्यात असतं ते सरांच्यातच बरं," म्हणाले. लोक म्हणाले, सरांना काय वाटणार, ते मोठे आहेत. मी हसून हात वर केला.

दुसऱ्या सकाळी काडेपेटी माझ्या टेबलावर आली.

दिवसभर ती तिथं होती. मी दोनदा उघडून बघितली, जणू काही शंका होती. रानात याची एक सोपी परीक्षा असते. शेणखतात वाढणारी एक अळी हुमणीसारखीच दिसते, पण निरुपद्रवी असते. सपाट जागेवर सोडली की ती पाठीवर पडून चालते. हुमणी पाठीवर चालत नाही, कुशीवर पडून राहते. मी ती अळी कागदावर सोडली. ती कुशीवर पडून राहिली. मी तिला परत काडेपेटीत घातलं.

सोमवारी सकाळी इंगवले भिंतीशी वाटच बघत होते.

"शेणकिडा आहे," मी म्हणालो. "शेणखतातून आला असणार. काही करत नाही. उलट माती भुसभुशीत करतो."

"गांडुळासारखा?"

"तसंच समजा."

"बघा, अन् आम्ही त्येला मारायला निघालेलो!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची हळहळ होती. ते घराच्या मागं गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आदल्या दिवशी वेचलेल्या सगळ्या अळ्या त्यात मातीत घालून ठेवल्या होत्या. कडुलिंबाखाली उकिडवं बसून त्यांनी बोटानं खळगे केले, एकेक अळी त्यात सोडली आणि वरून माती सारखी केली.

मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. हाक मारायला पुष्कळ वेळ होता. मग घड्याळ बघितलं आणि कॉलेजला गेलो. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी हुमणीच शिकवली.

पितृपंधरवड्यात कडुलिंबाच्या बाजूला परातीएवढा पिवळा डाग पडला. इंगवल्यांना वाटलं ऊन लागतंय, त्यांनी पाणी वाढवलं. घटस्थापनेपर्यंत डाग अंगणाच्या मध्यापर्यंत आला. साळुंक्या आणि कावळे गवतावर उतरून चोची मारू लागले. इंगवले त्यांना हाकलत बसायचे. मला भिंतीवरून विचारायचे, "सर, खत कमी पडलं असंल का?" आणि मी म्हणायचो, "ऑक्टोबरचं ऊन आहे. होतं असं." दर वेळी बोलणं थोडं सोपं जायचं.

आप्पा अजूनही जात होते. एक दिवस परत आले ते लवकर.

"काय झालं?" शैलानं विचारलं.

"पायाला टोचतंय," ते म्हणाले. "वाळलंय सगळं."

मी पेपर वाचत होतो. मला बरं वाटलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही. त्या संध्याकाळी आप्पा घरीच बसले आणि मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घोरपडे आले. "इंगवल्यांचं अंगण तर गेलं. कोजागिरी तुमच्याकडंच करू या सर, नेहमीसारखी." मी म्हणालो, "माझी काय हरकत असणार?"

तीन दिवसांनी, संध्याकाळच्या सुमाराला इंगवले आमच्या फाटकातून आत आले. हातात गवताचा एक तुकडा होता, पोळीसारखा गुंडाळलेला. खाली एकही मूळ शिल्लक नसल्यामुळं तो नुसता उचलून आला होता. आप्पा व्हरांड्यात खुर्चीवर होते, मी पायरीवर.

"सर, रागावू नका," ते म्हणाले. "आज तुमच्या कॉलेजात जाऊन आलो. म्हटलं तुम्हाला कशाला सारखा तरास. तिथं एक पोरगा भेटला, कोळेकर नावाचा. तुमचाच इद्यार्थी. ह्ये बघून म्हणाला, हुमणी हाय. मी त्येला म्हटलं, बाळा, तू चुकतोस. आमच्या सरांनी स्वतः बघून सांगितलंय शेणकिडा म्हणून. तो हसला ओ. म्हणाला, सर असं म्हणणारच न्हाईत. मी त्येच्याशी भांडून आलो."

त्यांनी दुसऱ्या हातातली कागदाची पुडी पुढं केली. आत दोन अळ्या होत्या.

मी पुडीकडं हात नेला नाही. 

"हिकडं दे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हाला कुठं दिसतंय?" मी म्हणालो.

"दिसायला कशाला लागतंय?"

त्यांनी तळहात पसरला. इंगवल्यांनी त्यावर एक अळी ठेवली. आप्पांनी हात सपाट धरला आणि थांबले. सहा एकरांत साठ वर्षं काढलेला तो हात अजिबात हलत नव्हता. अळी कुशीवर पडून राहिली. ती पाठीवर व्हायची वाट त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली. मग त्यांनी तोंड माझ्या दिशेनं वळवलं. त्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो, तरी मी मान खाली घातली.

"हुमणीच हाय," आप्पा म्हणाले. "माझीच चूक झाली, हिंदुराव."

"तुमची कशी?"

"तू काडेपेटी दिलीस त्या दिवशी ह्येनं ती घरात आणली. ह्येला शंका होती. मला म्हणाला, आप्पा, तुम्ही रानातली माणसं, हातावर घेऊन सांगा. मी घेतली आन् सांगितलं, शेणातली हाय म्हणून. माझ्या शब्दावर गेला तो. म्हातारपणी हाताचंही कळंना झालंय बघ."

यातलं काही घडलेलं नव्हतं. मी आप्पांना ती काडेपेटी कधी दाखवलीच नव्हती, तिच्याबद्दल त्यांना जे माहीत होतं ते इंगवल्यांकडूनच ऐकलेलं.

इंगवले खाली बसले आणि त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू द्या आप्पा. गवतच हाय. परत लावू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"आता तू मला काही इचारत जाऊ नगंस," आप्पा म्हणाले.

मी तिथं होतो. तीन हातांवर. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. इंगवले उठले, मला म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार सर, वडलांचा शब्द," आणि तो तुकडा घेऊन गेले.

फाटक लागल्याचा आवाज आला तसा मी म्हणालो, "आप्पा..."

"गप बस."

"तुम्ही का..."

"चूक असती तर तू आपणहून सांगितली असतीस," आप्पा म्हणाले. "मला बोलायला लागलं नसतं." त्यांनी तळहात धोतराला पुसला आणि उठले. जेवायला आले नाहीत. शैलानं मला विचारलं, मामांना काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी औषधाचा डबा, फवारणीचा पंप आणि कुदळ घेऊन इंगवल्यांकडे गेलो. ते उरलंसुरलं गवत गोधडीसारखं गुंडाळत होते. खालची जमीन उघडी पडली होती आणि त्यात जागोजाग पांढरी मुटकुळी दिसत होती. मी उभ्यानंच सांगितलं. काडेपेटीचं, कागदाचं, आप्पांनी तेव्हा अळीला हातही लावला नव्हता ते, सगळं.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. एक गुंडाळी पुरी केली, बाजूला ठेवली, मग मागं टेकून बसले.

"काडेपेटी उघडली तवाच कळलं हुतं?"

"हो."

"मी त्या परत मातीत सोडत हुतो तवा तुम्ही भिंतीशी हुता."

"हो."

"का, सर?"

रात्रभर मी याचं उत्तर तयार केलं होतं. कोजागिरी, लॉन, लोक. तोंडातून निघालं ते दुसरंच. "आप्पा तुमच्याकडं येऊन बसायचे."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हितं बसून काय बोलायचे, ठाऊक हाय तुम्हाला?"

"शेतीचं."

"तुमचं," इंगवले म्हणाले. "दुसरं काय न्हाईच. तुम्ही भिंगातून किड्याचं केस मोजता. चार वर्षं एका अळीच्या मागं हुता. तुमच्या गावात ऊस वाळायला लागला तवा तुम्ही नुसतं बांधावर उभं राहून सांगितलंत आन् समद्या शिवाराचा ऊस वाचला. ही गोष्ट मी पंधरा वेळा ऐकली असंल. मला पाठ हाय. म्हणायचे, किड्याच्या बाबतीत माझ्या विश्वनाथाच्या पुढं कुणी न्हाई. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला इचारलं न्हाई, सर. महिनाभर."

मी कुदळीच्या दांड्याला धरून उभा होतो. पलीकडं आमच्या घराची न्हाणीघराची खिडकी दिसत होती. इथून ती एवढी जवळ दिसते हे मला माहीत नव्हतं.

"मला का नाही कधी सांगितलं त्यांनी?"

"त्ये त्यांना इचारा."

"विचारतो. आत्ता जाऊन सगळं सांगतो त्यांना, की मी तुमच्याकडं कबूल केलंय."

"नका सांगू."

"म्हणजे?"

इंगवले उठले. माणूस उंच होता, इतके दिवस भिंतीमुळं जाणवलं नव्हतं. "मला सांगून तुम्ही हलकं झालात. आता त्यांना सांगून आणखी हलकं व्हायचंय. मग त्यांचं काय? काल त्यांनी स्वतःला माझ्यापुढं खोटं पाडून घेतलं, त्ये कशासाठी? पोराचं नाव माझ्यात राहावं म्हणून. त्ये राहिलंय, असंच वाटू द्या त्यांना. तुम्ही बोललात की त्यांनी केलेलं वाया गेलं."

"पण मग त्यांना वाटेल, मी कधीच..."

"वाटू दे," ते म्हणाले. "ह्ये एवढं माझं ऐका. औषध किती पाण्यात घालायचं?"

आम्ही दुपारपर्यंत त्यांची सगळी जमीन भिजवली. आम्ही दोघं पंप मारत होतो, आणि आप्पा पलीकडे व्हरांड्यात बसून आवाज ऐकत होते.

कोजागिरी आमच्या लॉनवर झाली. दूध वाटताना इंगवले सगळ्यांसमोर, आप्पा जवळ बसलेत हे बघून, मोठ्यानं म्हणाले, "सर होते म्हणून माझी जमीन तरी वाचली. सुट्टी काढून राबले माझ्याकडं." लोकांनी माना डोलावल्या. आप्पांनी पेला खाली ठेवला. तो मला अर्धा भरलेलाच दिसला.

मी का नाही मोडला तो शब्द, हे मी स्वतःला आजवर पुष्कळदा विचारलंय. इंगवल्यांनी ते आप्पांवरच्या मायेनं सांगितलं की मला शिक्षा म्हणून, हेही ठरवता आलं नाही. बहुधा दोन्ही असेल. मी एवढंच ठरवलं की ज्या माणसाच्या अंगणाचं मी असं केलं, त्याची एक गोष्ट तरी पाळायची.

पुढच्या मृगाला बांधावरची हरळी परत आली, मीही काड्या लावायला बसलो. श्रावणापर्यंत जमीन झाकली. आप्पा पुन्हा संध्याकाळी जायला लागले, अनवाणी फिरायला लागले. इंगवले त्यांना मुद्दाम विचारायचे, "आप्पा, खत आत्ता पसरू का पाऊस उघडल्यावर?"

"मला नगं इचारू बाबा. माझं एकदा चुकलंय. पलीकडं इचार."

मग इंगवले भिंतीशी येऊन हाक मारायचे, "सर, खत कधी घालू?" आणि मी न्हाणीघराच्या खिडकीतून नाही, भिंतीपाशी येऊन उत्तर द्यायचो. आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि अगदी खरं. ते मान तिरकी करून ऐकायचे. माझ्या गोष्टी सांगणं त्यांनी बंद केलं होतं, हे अक्काताईंनी शैलाला सांगितलं.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आप्पा झोपेतच गेले. गावी शेताच्या बांधावर त्यांचं केलं. इंगवले आमच्याबरोबर आले होते, वाटभर खांदा बदलला नाही त्यांनी. अग्नी दिल्यावर माणसं मागं सरून झाडाखाली बसली. मी एकटा पुढं उभा होतो. इंगवले माझ्या शेजारी येऊन थांबले. 

मग हळूच म्हणाले, "आता सांगा त्यांना."

आणि तेही मागं गेले, मला जागा करून द्यायला.

मी एक पाऊल पुढं टाकलं. धग तोंडावर आली. "आप्पा," मी म्हणालो. इंगवल्यांकडं मी सगळं कबूल केलंय, हे पुढचं वाक्य तीन वर्षं माझ्या ओठांवर होतं. ते आलं नाही.